दहा भांड्यांचं पिठलं

‘स्वस्त आणि सोपी’ असं ज्या पाककृतीवर लिहिलेलं असतं, ती लिहिणाऱ्याच्या घरी भांडी दुसरंच कुणीतरी घासतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

आम्ही तिघी छत्रपती संभाजीनगरात टीव्ही सेंटरच्या बाजूला एका रूमवर राहतो. एक बीडची, एक नांदेडची आणि मी परभणीची. मी गॅसपाशी गेले की बाकीच्या दोघी एका सुरात म्हणतात, “बनी तो बनी, नहीं तो परभनी!” मेस लावायची तर आगाऊ पैसे भरा आणि मग वरणात डाळ शोधत बसा. म्हणून हाताने करून खायचं ठरलं. शेजारच्या पोरांनी हेच ठरवलं तेव्हा अख्ख्या गल्लीला त्यांची कीव आली. आम्ही ठरवलं तेव्हा घरमालकीण काकू म्हणाल्या, “मग काय, पोरीच तुम्ही. येतच असंल की!”

काकूंचे नियम ठरलेले. इंडक्शन लावायचं नाही, बिल वाढतं. मिरचीची फोडणी दार उघडं ठेवून द्यायची नाही, खाली खोकला येतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला, ही बातमी आमच्या जिन्यापर्यंत अजून आलेली नाही. शिवाय पाणी. या शहराचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणहून, जायकवाडीतून येतं. एवढ्या लांबून आल्यावर ते दमत असावं, कारण आमच्या नळाला काही ते रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बादल्या, कळश्या, एवढंच काय, कुकरसुद्धा भरून ठेवायचा.

अशा परिस्थितीत पदार्थाची किंमत रुपयांत काढणं हा अडाणीपणा आहे. आमच्याकडे ती भांड्यांत काढतात.

आता पिठलं-भाकरीच घ्या. गरिबाचं जेवण म्हणून तिचं केवढं कौतुक! पण हिशेब करा. पिठल्याला एक कढई. बेसन कालवायला एक वाडगं. भाकरीच्या पिठाला पाणी उकळायचं पातेलं, परात, तवा, उलथणं. ठेचा तर पाहिजेच, म्हणजे खलबत्ता आला. वर तिघींची तीन ताटं. झाली दहा भांडी. परत बेसन कढईला असं धरून बसतं की ती रात्रभर भिजत घालावी लागते, आणि भिजत घालायला पाणी लागतं. पंचवीस-तीस रुपयांत तिघींचं पोट भरतं खरं, पण नंतर मोरी बघितली तर वाटतं, लग्नाची पंगत उठलीय.

भाकरीचं तर वेगळंच दुखणं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून उकळतं पाणी घालून पिठातला स्टार्च चिकट करून घ्यावा लागतो. हे मला बीएस्सीने शिकवलं. थापायचं कसं, ते अभ्यासक्रमात नाही. ते आई फोनवर शिकवते.

“पाणी किती घालू?”

“बसंल तितकं.”

“मळू किती?”

“हाताला कळतंय की, बाई.”

माझ्या हाताला काही कळत नाही. त्यातून घरून एसटीने आलेलं पीठ महिनाअखेरीपर्यंत जुनं होतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटाई, जाते. मग भाकरी तव्याकडे नेता नेताच मधून चिरते. नांदेडवाली ते तुकडे वरणात कुस्करते आणि म्हणते, “कुस्करायचीच हाय, तर थापायलीस कशाला?” प्रश्न बिनतोड आहे. थापली नाही तर परात वाचते.

म्हणून आमचं खरं प्रेम एका भांड्यात होणाऱ्या पदार्थांवर. खिचडी. वरणफळं, म्हणजे उकळत्या वरणात कच्च्या पोळीचे काप सोडायचे, की भाजी, पोळी, आमटी सगळं एकाच पातेल्यात. बीडवालीच्या आईने दिलेलं येसर तर देवाची देणगी. धान्यं, डाळी न् मसाले भाजून दळलेलं ते पीठ. फोडणीच्या पाण्यात कालवून सोडलं, उकळी आली की झणझणीत आमटी तयार. पाकिटातले सूप विकणाऱ्यांना हे कुणी सांगू नये.

आणि सुशीला! पुण्याकडच्या मैत्रिणीला मी “सकाळी सुशीला खाल्ली” म्हणाले, तर ती पोलिसांना फोन करायच्या बेतात होती. मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीत टाकायचे, वरून डाळ्याचा कूट आणि लिंबू. दहा मिनिटांचं काम. मुरमुरे पाण्यात किती ठेवायचे यावर मात्र आमच्यात एकमत नाही. बीडवाली नुसते दाखवून काढते, ते दातात चामट लागतात. नांदेडवाली ते ठेवून केस विंचरायला जाते, मग आम्ही लापशी खातो. भांडी दोनच, एवढ्यावर भांडण मिटतं.

भाजी आणायला जाफर गेटच्या आठवडी बाजारात जायचं ते बाजार उठताना. तेव्हा वांग्यांचा ढीग मातीमोल मिळतो. भरली वांगी करायची नाहीत. मसाला वाटायचं भांडं वाढतं.

मध्यंतरी काकूंनी वर डबा पाठवला. पुरणपोळ्या, तूपसुद्धा. आम्ही दोन मिनिटांत फस्त केल्या आणि मग एकमेकींकडे बघितलं. कुणाचा डबा मोकळा परत द्यायचा नसतो, हे तिघींच्याही आयांनी लहानपणीच बजावलेलं. म्हणजे डबा घासायचा तर होताच, वर त्यात घालायला काहीतरी शिजवायचं. सुशीला पाठवावी तर काकूंच्या पुरणापुढे मुरमुरे बरे दिसत नाहीत. पिठलं पाठवावं तर परत कढई. दोन दिवस डबा खिडकीत, काकू जिन्यात, आणि आम्ही चपला हातात घेऊन खाली उतरतोय. शेवटी माझ्या आईची कारळाची चटणी त्यात भरली न् दिला.

संध्याकाळी जिन्यातूनच आवाज आला, “पोरींनो, काय चव हाय गं हाताला! मी उगंच काळजी करत होते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन डबे पाठवले.