‘तार दिसेपर्यंत टायर चालतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गाडी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी हा मेसेज येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच राहतात. टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल हव्यात ही मर्यादा म्हणे कंपन्यांनी माल खपवायला काढली, आतली पोलादी तार दिसेपर्यंत टायर बिनधास्त चालतो. रेसच्या गाड्यांचे टायर गुळगुळीतच असतात, तेव्हा गोटा झालेल्या टायरची पकड उलट जास्त. टायरला वय नसतं, नक्षी आहे तोवर टायर आहे. पावसात हवा कमी केली की टायर रस्ता धरतो. दोनच नवे घ्यायचे असतील तर पुढे लावा. आणि खाचा पुन्हा कोरून घेतलेला किंवा सेकंडहँड टायर नव्याइतकाच चांगला.

चार टायर एकदम बदलायचे म्हटलं की महिन्याचं गणित कोलमडतं. म्हणूनच हा मेसेज इतका फिरतो, आणि पैसे वाचवावेसे वाटण्यात चूक काहीच नाही. माझी हरकत वेगळी आहे. हा मेसेज पैसे वाचवायची जागाच चुकीची दाखवतो. टायरवरचे पैसे वाचतात ते त्याच्या आयुष्याच्या मधल्या काळात. शेवटच्या मिलिमीटरपर्यंत आलो की वाचवण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं.

हिशेबच करून बघू. नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी खोल असते. १.६ पर्यंत आपल्याला वापरायला मिळतात ६.४ मिमी. समजा तेवढ्यात टायर ४० हजार किलोमीटर चालला, तर एका मिलिमीटरला सव्वासहा हजार किलोमीटर पडले. आता कुणी मर्यादा ओलांडून १ मिमीपर्यंत ताणला, तर जास्तीचे मिळाले ३,७५० किलोमीटर, म्हणजे टायरच्या किमतीचा दहावा हिस्साही नाही. एवढ्यासाठी तो माणूस टायरच्या आयुष्यातल्या सगळ्यात धोक्याच्या टप्प्यावर बायकापोरांना गाडीत बसवून फिरणार.

१.६ हा आकडा कंपन्यांचा नाही, कायद्याचा आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी १ मिमी चालायचा, १९९२ पासून १.६ लागतो. युरोपभर हीच मर्यादा आहे. कंपन्यांना लवकर बदलायला लावण्यातच रस असतो असं मेसेज म्हणतो, पण जगातल्या सगळ्यात मोठ्या टायर कंपन्यांपैकी एक असलेली मिशेलिन २०१७ पासून जाहीरपणे उलटं सांगते आहे. चांगला टायर ३ मिमीला फेकून देऊ नका, १.६ पर्यंत वापरा, नाहीतर पैसा आणि रबर दोन्ही वाया जातं, असं तिचं म्हणणं. त्यातला एक भाग मला पूर्ण पटतो. कोरड्या रस्त्यावर घासलेला टायर नव्यापेक्षा वाईट थांबत नाही. नक्षीचे ठोकळे बुटके झाल्याने ते कमी लवतात, त्यामुळे कधी कधी तो थोडा लवकरच थांबतो. मेसेजमधलं अर्धं सत्य ते हे.

उरलेलं अर्धं पाण्यात आहे. टायर १८ सेंटिमीटर रुंद धरा, रस्त्यावर पाण्याचा २ मिमी थर धरा आणि वेग ताशी ८० किलोमीटर. गुणाकार केला तर एका टायरला दर सेकंदाला आठ लिटर पाणी वाटेतून बाजूला सारावं लागतं. हे पाणी जायला जागा म्हणजे खाचा. खाच १.६ मिमीवर आली की पाण्याचा थर तिच्यापेक्षा जाड होतो. मग टायरच्या पुढे पाणी साचतं, त्याची पाचर रबराखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं. त्या क्षणी ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही हातचे गेलेले असतात.

इतकं टोकाचं झालं नाही तरी थांबायचं अंतर वाढतंच. ब्रिटनमध्ये ओल्या रस्त्यावर झालेल्या चाचण्यांत १.६ मिमीच्या टायरला नव्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त अंतर लागलं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, म्हणून त्याचा अर्थ नीट बघा. दोन गाड्या शेजारी शेजारी ८० च्या वेगाने येताहेत, दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. नव्या टायरची गाडी थांबली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ४० किलोमीटरने पुढे जात असते. वेगाचा आणि अंतराचा संबंध वर्गाचा असल्याने अंतर तिसऱ्या हिश्श्याने वाढलं की तिथे उरलेला वेग बरोबर निम्मा निघतो. पहिली गाडी जिच्यापाशी थांबली ती व्यक्ती रस्ता ओलांडत असेल, तर दुसरीचा धक्का तिला ४० च्या वेगाने बसतो. आणि हे अजून कायद्यात बसणाऱ्या टायरचं झालं, तार दिसणाऱ्याचं नव्हे.

मग ३ मिमी की १.६? टायर टायरवर अवलंबून आहे. घासल्यावरही पाणी नीट काढणारे टायर आहेत आणि नवे असतानाच यथातथा असणारेही. म्हणूनच २०२४ पासून युरोपात कारच्या नव्या टायरची ओली पकड घासलेल्या अवस्थेतही तपासली जाते. माझं मत विचाराल तर ३ मिमी झाली की पैसे बाजूला काढायला लागा, आणि पावसाचे दिवस तोंडावर असतील तर तेव्हाच बदलून टाका. कोरडे महिने समोर असतील तर १.६ च्या जवळ जायला हरकत नाही. त्याच्या खाली कधीच नाही. तार दिसली म्हणजे नक्षी संपून टायरचा सांगाडा उघडा पडला. ओल त्या पोलादी पट्ट्यांपर्यंत गेली की गंज धरतो, रबर तारेला सोडायला लागतं, आणि असा टायर भरल्या गाडीत, तापलेल्या रस्त्यावर कधी फुटेल ते सांगता येत नाही.

रेसच्या गाडीचं उदाहरण फारच फसवं आहे. स्लिक, म्हणजे बिनखाचांचा टायर कोरड्या ट्रॅकसाठी असतो. त्याचं मऊ रबर शंभर अंशांच्या आसपास तापलं की चिकटतं, आणि तो एका शर्यतीपुरताही जेमतेम टिकतो. आपला गोटा झालेला टायर म्हणजे वर्षानुवर्षं उन्हातान्हात कडक झालेलं रबर. शिवाय फॉर्म्युला वनमध्येही पाऊस आला की गाड्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर शिरतात आणि खाचांचे टायर चढवतात. पिरेली या टायर कंपनीच्या भर पावसातल्या टायरबद्दल ती स्वतः सांगते की ताशी ३०० किलोमीटरला तो सेकंदाला ८५ लिटर पाणी बाहेर टाकतो. गुळगुळीत टायर पावसात चालला असता तर पिटमध्ये सेकंद घालवायला कुणी थांबलं नसतं.

वयाबद्दल मेसेज सरळ चूक आहे. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने कडक होत जातं. त्याला रोखणारी मेणासारखी द्रव्यं टायरच्या रबरातच मिसळलेली असतात आणि टायर फिरताना, दबताना ती पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही भेगाळतो. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार वाचा. ३५१९ असेल तर टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यातला. एका बाजूला हे चार आकडे सापडले नाहीत तर दुसऱ्या बाजूला असतात. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहाव्या वर्षी तो कितीही चांगला दिसला तरी काढावा, असं मिशेलिन सांगते. काही गाडी कंपन्या सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. स्टेपनीलाही हेच लागू आहे. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघतही नाही.

पावसात हवा कमी करायचा सल्ला मला या मेसेजमधला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो फुकट आहे आणि म्हणून लोक लगेच करून बघतात. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर संशोधन करून दाखवलं, की चाक पाण्यावर चढण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे. तेच सूत्र लावलं तर ३२ पीएसआयला हा वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआयला ८२. कारचा टायर काही विमानाचा नाही, तेव्हा आकडे अंदाजाचेच धरा, पण दिशा पक्की आहे. हवा कमी केली की गाडी लवकर तरंगते. वर कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो. २००० साली फायरस्टोन या टायर कंपनीला अमेरिकेत लाखो टायर परत मागवावे लागले. नक्षीचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर, आणि त्या प्रकरणात कमी हवेचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. त्यानंतर झालेल्या कायद्यातूनच तिथे प्रत्येक नव्या कारला हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेलं असतं. टायर थंड असताना तेवढीच भरा. टायरवर कोरलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा आकडा नव्हे.

आणि इथेच खरे पैसे वाचतात. हवा कमी असली तर टायरच्या दोन्ही कडा खातात, जास्त असली तर मधला पट्टा. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलं तर एकच कड, आणि बहुधा आतली, जी उभ्याने दिसत नाही. गाडी सपाट जागी लावा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, पुढच्या चाकाची नक्षी समोर येते. आधी नजरेने तार बाहेर आली नाही ना ते बघा, मग तळवा नक्षीवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट करून घ्यायची वेळ झाली. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर आडवे उंचवटे दिसतील. नक्षी घासत त्यांच्या सपाटीला आली म्हणजे १.६ मिमी. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर चारही जवळपास सारखे घासतात. नाहीतर एक कड तारेला लागलेली आणि बाकी टायर अर्धा शिल्लक अशा अवस्थेत तो काढावा लागतो, आणि तिथे दहावा नाही, अर्धा हिस्सा वाया जातो.

खाचा कोरण्यावर जास्त बोलायची गरज नाही. काही ट्रकच्या टायरना त्यासाठी तळाला जादा रबर दिलेलं असतं आणि तशी खूण टायरवर असते. कारच्या टायरला ते नसतं. कोरणारा पात्याने थेट तारेवरचं उरलंसुरलं रबर कापत असतो. सेकंडहँड टायर घेणं मात्र अगदीच वर्ज्य नाही. तारखेचे चार आकडे वाचा, रिमवरून उतरवलेल्या टायरची आतली बाजू उजेडात बघा. साइडवॉलला ठिगळ, फुगवटा किंवा चीर दिसली की परत द्या. पंक्चर नक्षीच्या भागात आणि ६ मिमीपर्यंतचं असेल तर आतून नीट काढलेलं चालतं.

राहिला दोन टायरचा प्रश्न. पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा भार घेतात, म्हणून नवे टायर पुढे, हे ऐकायला पटतं. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की पुढे वजन येतं आणि बहुतेक वेळा ती पुन्हा वळते. मागची पकड सुटली तर शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी गरकन फिरते. तेव्हा सावरायला सराईत ड्रायव्हरलाही वेळ पुरत नाही. म्हणून पुढचे घासलेले टायर काढा, मागचे अर्धे चाललेले पुढे आणा आणि नवे मागे चढवा. साइज तोच ठेवा, वजन आणि वेग पेलण्याचा निर्देशांक गाडीच्या पुस्तकात दिलाय त्यापेक्षा कमी नको. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र नव्याजुन्या टायरच्या घेरातला फरक डिफरेन्शियलला, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरना, भोवतो. तिथे आधी गाडीचं पुस्तक काय सांगतं ते बघा, बहुधा चारही बरोबरच घ्यावे लागतात.

तेवढेही पैसे आत्ता नसतील तर टायर येईपर्यंत ओल्या रस्त्यावर ८० ऐवजी ६० ने चालवा. ब्रेक लागल्यानंतर गाडी जेवढी घसरत पुढे जाते ते अंतर त्याने जवळपास निम्म्यावर येतं.