ट्रेलरमध्येच अख्खा पिक्चर

अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये पूर्ण गोष्ट सांगून टाकायची ही कसली पद्धत आहे? परवा थिएटरात बसलेले, नायिका दाराशी उभी, सगळा हॉल चिडीचूप, आणि मला आधीच माहिती की दार उघडल्यावर मेलाय असं समजलेला भाऊ समोर येणार, कारण तोच शॉट ट्रेलरच्या शेवटी टाकलेला! दिग्दर्शकाने तासभर ज्याची तयारी केली त्याची पार माती. बरं, ट्रेलर बऱ्याचदा दिग्दर्शक कापतच नाही, ते काम वेगळ्या एजन्सीकडे असतं, आणि वितरकांचा जीव अडकलेला पहिल्या वीकेंडात, कारण बऱ्याच ठिकाणी तिकिटातला त्यांचा वाटा पहिल्या आठवड्यात जास्त असतो आणि मग उतरत जातो, म्हणून लोकांना कसंही करून आत आणायचं, आत आल्यावर त्यांच्या हाती काय लागतं याचं कोणालाच पडलेलं नाही. अमेरिकेतल्या थिएटर मालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलर दोन मिनिटांपर्यंतच ठेवा असं सांगितलं होतं, पण ते ऐच्छिक. वर आता ट्रेलरच्या सुरुवातीलाच त्याच ट्रेलरचा पाच सेकंदांचा टीझर! अरे माणसं दाखवा, मूड दाखवा, शेवट कशाला दाखवताय? मी तर ट्रेलर लागला की सरळ डोळे मिटून घेते.