पडद्यावरचे पुणेकर हॉर्न वाजवत नाहीत

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाने पुण्यातल्या नियोजित बालभारती–पौड फाटा रस्त्याची थ्रीडी फिल्म टाकली. कुणी बनवली ठाऊक नाही. वेताळ टेकडीच्या कुशीतून जाणारा गुळगुळीत रस्ता, दुतर्फा एकसारखी झाडं, पांढऱ्या गाड्या सुळकन निघून जातात. खाली मामा : "बघा, असं पाहिजे. जर्मनीसारखं." त्यावर मावसबहीण : "आणि टेकडी कुठे गेली?" दिवसभर जुंपली. शेवटी निवाडा माझ्यावर आला, कारण मी जर्मनीतल्या कार्ल्सरूमध्ये राहतो आणि पोटासाठी हेच करतो, वाहतुकीची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर रस्ते आणि गाड्या चालवून बघणं.

फिल्म तीनदा पाहिली. तिच्यात एकही दुचाकी नव्हती. पुण्यात!

या धंद्यात जगभर वापरलं जाणारं व्हिसिम हे सॉफ्टवेअर याच गावचं. त्याच्या मुळाशी राइनर वीडेमान यांनी इथल्या विद्यापीठात १९७४ मध्ये मांडलेलं मॉडेल आहे : पुढची गाडी जवळ येतेय हे मागच्या चालकाला केव्हा जाणवतं, आणि मग तो किती वेग कमी करतो. म्हणजे गृहीत धरलेला माणूस मुळात आपल्या लेनमध्ये, एकामागे एक चालणारा. कर्वे रस्त्यावर सिग्नल लाल झाला की स्कूटर कारांच्या फटींतून झिरपत थेट झेब्रा क्रॉसिंगवर येऊन थांबतात. सॉफ्टवेअरला हेही शिकवता येतं, पण त्यासाठी चौकात कॅमेरा लावून, तासन् तास मोजून आकडे जुळवावे लागतात. थ्रीडी म्हणजे त्यावरचा रंगाचा शेवटचा हात. आतल्या भिंतीच नसतील तर रंग कशाला देणार?

शिवाय आम्ही एकच चौक दहा-वीस वेळा चालवतो, दर वेळी गाड्या येण्याचा क्रम बदलून. रांग कधी आखूड, कधी लांबलचक. फिल्म मात्र एकाच फेरीची निघते. कोणत्या, ते बनवणाऱ्याच्या हातात.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. मुख्य बाजाररस्त्याखालून ट्रामचा बोगदा काढायचा प्रस्ताव कार्ल्सरूच्या मतदारांनी १९९६ मध्ये फेटाळला, २००२ मध्ये बदललेल्या आराखड्याला होकार दिला आणि पहिली ट्राम खालून धावली डिसेंबर २०२१ मध्ये. मामाला सांगितलं तर म्हणतो, "पंचवीस वर्षं? आपलं बरं!" त्याचंही चुकत नाही. पण पुण्याच्या विद्यापीठ चौकातला पूल आपण पंधरा वर्षंही न वापरता २०२० मध्ये पाडला आणि तिथेच दुमजली बांधायला घेतला. ही घाई कोणत्या हिशेबात धरायची?

टेकडी फोडावी की नाही, हे सिम्युलेशन ठरवणार नाही; मी मावसबहिणीच्या बाजूचा आहे, आणि ते मत माझं आहे, संगणकाचं नाही. पण फिल्म दाखवायचीच तर सोबत आकडेही टाका. गाड्या कोणत्या दिवशी मोजल्या, शाळा चालू होत्या का, रस्ता ओलांडणारी माणसं किती धरली? फिल्म पौड फाट्याच्या अलीकडेच का संपते, तेही सांगा. गाठ तर तिथेच पडणार. आणि कॅमेरा एकदा तरी आकाशातून उतरवून, पिशवी घेऊन दुभाजकाशी उभ्या असलेल्या माझ्या आईच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामाने पौड फाट्यावर उभं राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, हॉर्नसकट. "घे, मोज." अकराव्या सेकंदाला उलट दिशेने एक ॲक्टिव्हा येते, पायांशी गॅस सिलिंडर. तिला कोणत्या रकान्यात टाकायचं, तिथेच अडलोय.