पेनड्राइव्हमधली ऑपरेटिंग सिस्टीम शेजाऱ्याचा फोन ऐकत नाही

खारघरच्या ताईने परवा "बँकेचं काही फोनवर बोलू नकोस, ठाण्याहून इकडेच ये," एवढे बोलून फोन ठेवला. कारण होते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा एक संदेश. 'ड्रॅगनओएस' ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवर घ्या, रेडिओ संकेत टिपणारा दोन-तीन हजारांचा डोंगल लॅपटॉपला जोडा, की इमारतीतल्या कोणाचेही मोबाइल संभाषण ऐकू येते, गाड्यांची कुलुपे उघडतात, अँटेनाही लागत नाही आणि नुसते ऐकण्याला कायद्याची आडकाठी नसते, असे त्यात लिहिले आहे. अकरावीतला भाचा डोंगल मागवून बसलाच आहे.

संभाषण ऐकण्याचा दावा सर्वांत हास्यास्पद, आणि ताईची झोप त्यानेच उडवली आहे. या स्वस्त डोंगलमधला ट्यूनर, म्हणजे वारंवारिता निवडणारा भाग, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच पोहोचतो. आपल्याकडे फोरजीसाठी वापरला जाणारा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा किंवा फाइव्हजीचा ३३०० च्या पुढचा पट्टा त्याला दिसतही नाही. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे संकेत दिसतात, पण फोरजीची एक वाहकलहर सहसा ५ ते २० मेगाहर्ट्झ रुंद असते आणि हा डोंगल एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झ टिपतो. समजा महागडे यंत्र आणून ही अडचण दूर केली, तरी हाती येतो तो कूटबद्ध विदा, ज्याची किल्ली सिमकार्डात आणि कंपनीच्या यंत्रणेत असते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने यातले काहीही बदलत नाही. जुन्या टूजी जाळ्यांतील ए५/१ हे कूटलेखन कच्चे असल्याचे संशोधकांनी पूर्वीच उघड केले आहे, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. पण ताईच्या फोनवर फोरजी आहे.

'नुसते ऐकण्याला कायद्याची आडकाठी नसते' हे वाक्य लिहिणाऱ्याने दूरसंचार अधिनियम, २०२३ उघडून पाहिलेला नाही. त्याच्या कलम ४२ नुसार संदेश बेकायदा मध्येच टिपणे हाच गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटावर 'करून बघा रे' म्हणणारी मंडळी अकरावीतल्या मुलाला कशात ढकलत आहेत, हे त्यांना ठाऊक तरी आहे का?

गाड्यांच्या कुलुपांबद्दल फार लिहायला नको, कारण कुलूप उघडायला संकेत पाठवावा लागतो आणि या डोंगलला प्रक्षेपण करताच येत नाही. अँटेनाशिवाय तर खारघरच्या काँक्रीटमध्ये एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची खरखरच अधिक ऐकू येईल.

ड्रॅगनओएसबद्दल माझी तक्रार नाही. लुबंटू या लिनक्सच्या प्रकारावर उभारलेल्या या सिस्टीममध्ये ग्नू रेडिओसारखी रेडिओ संकेत हाताळणारी साधने आधीच बसवलेली असतात. साध्या लिनक्सवर हा डोंगल जोडला की मूळचा टीव्ही डोंगल असल्यामुळे टीव्हीचा ड्रायव्हर त्याचा ताबा घेतो आणि नवशिक्याची संध्याकाळ तो ड्रायव्हर बंद करण्यात जाते. ती कटकट इथे वाचते. भाच्याला मी गच्चीवर अँटेना लावून १४५.८०० मेगाहर्ट्झ लावायला सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे हौशी रेडिओ केंद्र त्याच वारंवारितेवर बोलते, आणि ते बोलणे सर्वांनी ऐकावे म्हणूनच असते.