"अजून किती वर्षं कोविडचं कारण सांगणार?" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं की पूर्वी इथे डॉक्टर निवांत बोलायचे, आता संध्याकाळची अपॉइंटमेंट मागितली तर मिळत नाही, रूट कॅनल करणाऱ्या डॉक्टर मधेच सोडून गेल्या, आणि विचारलं की रिसेप्शनवरून "कोविडनंतर स्टाफ कमी आहे" हेच ऐकायला मिळतं. तुमच्या दाताबद्दल इथे सगळ्यांसमोर लिहिणार नाही, ते फाईलमध्ये आहे. पण बाकीचं सांगतो.

आमचं काम कसं असतं बघा, पेशंटला मास्क लावता येत नाही, आम्ही उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) किंवा स्केलिंगचं म्हणजे दात साफ करायचं मशीन चालू झालं की पाण्याबरोबर लाळेचे बारीक कण सगळीकडे उडतात. मार्च २०२० मध्ये कुठल्या नोकरीत धोका जास्त अशा याद्या छापून आल्या त्यात आम्ही अगदी वरती होतो. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की जिथे साथ पसरलीय तिथे तातडीचं नसलेलं दातांचं काम पुढे ढकला. काम पुढे ढकललं, पण क्लिनिकचं भाडं, मशीनचे हप्ते, असिस्टंटचे पगार कोण ढकलणार? परत उघडल्यावर प्रत्येक पेशंटनंतर रूम रिकामी ठेवायची (इंग्लंडमध्ये तर सुरुवातीला चक्क ६० मिनिटं), एन९५ वर फेस शिल्ड, त्यावर गाऊन, आतून घामाने भिजलेलो आणि बोललेलं समोरच्याला ऐकूच जात नाही. निवांत गप्पा तिथेच बंद झाल्या.

गंमत म्हणजे जून २०२० मध्ये अमेरिकेत दोन हजारांवर डेंटिस्टचा सर्व्हे झाला त्यात लागण झालेले १ टक्क्याहूनही कमी निघाले. म्हणजे नीट काळजी घेतली की व्हायरस बऱ्यापैकी आवरत होता. माणसं थकली ती त्या काळजीनेच, आणि घरी काय घेऊन जातोय या धास्तीने. मी स्वतः त्या काळात झोपेची गोळी घ्यायचो. आमच्यात हे कोणी बोलत नाही कारण ज्याच्या हातात ड्रिल आहे तो आतून हललेला आहे हे पेशंटला कळलं तर चेअरवर बसेल कोण, म्हणून सगळे गप्प. ओळखीतल्या काही सिनियर लोकांनी क्लिनिक विकून टाकलं, वय झालं म्हणून नाही, परत कर्ज काढून उभं राहायची ताकद नव्हती म्हणून. आणि त्या वेळी कॉलेजात असलेल्यांचे तर फार हाल, दातांचं काम हातात बसावं लागतं, ते स्क्रीनवर लेक्चर बघून कसं येणार? डिग्री मिळाली पण पहिली दाढ काढताना हात थरथरतो, त्यातले काही सरळ दुसऱ्या लाईनला गेले.

तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्या डॉक्टर दुसऱ्या क्लिनिकला गेलेल्या नाहीत, त्यांनी डेंटिस्ट्रीच सोडली. का, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पण "मधेच पळून गेल्या" हे लिहिलंत ते मला पटलं नाही. दोन सिटिंगच्या मधे औषध भरून दात टेम्पररी बंद करणं ही नेहमीची पद्धत आहे, आणि पुढचं काम मी करणार हे जाण्याआधी सांगितलेलं होतं.

संध्याकाळच्या वेळा मी मुद्दाम कमी केल्यात. माणसं मिळाली तरी पूर्वीसारखं एकामागोमाग एक पेशंट घेणार नाही. दातावर दात घासून, स्ट्रेसने दाढेला चीर गेलेले लोक साथीपासून जास्त यायला लागलेत, त्यांचं काम घाईत होत नाही, आणि माझी मानही आता तेवढं वाकून देत नाही.

दुसरीकडे दाखवायचं असेल तर एक्स-रे आणि फाईलची कॉपी रिसेप्शनवर मागा, लगेच देतील. इथेच करायचं असेल तर सकाळची वेळ कळवा. फक्त टेम्पररी फिलिंगवर महिनोन्महिने राहू नका, ते तेवढं टिकायला बनवलेलं नसतं.