चीज कच्च्या दुधाचंच आहे, हे तपासू नका

पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, तरी आपण ते तीनदा तापवतो. सकाळी एकदा, दुपारी नासू नये म्हणून, आणि रात्री साय धरावी म्हणून. भुसावळच्या मे महिन्यात न तापवलेलं पातेलं ओट्यावर विसरलं, तर घरातल्या मोठ्या माणसांकडून जे ऐकावं लागतं ते इथं छापण्यासारखं नाही. आणि त्याच घरात तुम्ही 150 ग्रॅम चीजला 900 रुपये मोजून आलात, कारण वेष्टनावर लिहिलं होतं: 'पारंपरिक, कच्च्या दुधाचं'. अभिनंदन, भो.

आता ते खरंच कच्च्या दुधाचं आहे का, अशी शंका मनात येत असेल तर सोप्या पारखी पुरेशा आहेत. भाव जास्त आहे? कच्चं. कागदाला सुतळी बांधलेली आहे? नक्की कच्चं. उग्र वास आला तर प्रश्नच मिटला. हा वास चीज पिकताना सालीवर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो आणि तेच जिवाणू पाश्चराइज्ड दुधाच्या चीजवरही लावता येतात, हे पाहुण्यांना सांगू नये. घटकांच्या यादीत कॅल्शियम क्लोराइड दिसलं तर पटकन पान उलटा. तापवलेलं दूध रेनेटनं, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणाऱ्या एन्झाइमनं, नीट घट्ट होत नाही, म्हणून 100 लिटरला साधारण 20 ग्रॅम घालतात. कच्च्या दुधातही काही जण घालतात, त्यामुळं तो पुरावा नाही. पण संशय कशाला हवा?

तरीही चैन पडत नसेल, तर फॉस्फेटेज चाचणी आहे. नाव ओळखीचं वाटेल. लिव्हरच्या रिपोर्टात जे अल्कलाइन फॉस्फेटेज असतं, त्याच नावाचं एन्झाइम दुधातही असतं. 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद दूध तापलं की ते निकामी होतं. क्षयाचे जंतू त्याच्या थोडे आधी मरतात, म्हणून ते निकामी झालं की दूध पुरेसं तापलं असं धरतात. डेअरीवर ही चाचणी 'तापवलं का' हे बघायला करतात. तुम्हाला मात्र 'तापवलं नाही ना' हे हवंय, म्हणजे जगात ज्या निकालाला नापास म्हणतात त्यावर तुम्ही पेढे वाटणार.

कृती बिघडवायची असेल तर वाव भरपूर आहे. चीजचा तुकडा साल सोडून आतून घेतात. तुम्ही सालीसकट घ्या. तो अल्कधर्मी बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, घोटून गाळतात. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट (हे एन्झाइम फोडतं आणि पिवळं होतं ते रसायन) याच्या 5 मिली द्रावणात 1 मिली अर्क घालून 37 अंशांच्या पाण्यात 2 तास ठेवतात. एन्झाइम जिवंत असेल तर पिवळा रंग येतो. द्रावण जुनं असेल तर ते आपोआपच पिवळं पडतं, तेव्हा जुनंच वापरा. पिपेट, म्हणजे द्रव मोजायची नळी, तोंडानं ओढा, कारण लाळेतही फॉस्फेटेज असतं. नळ्या गच्चीवर उन्हात ठेवा. उन्हानं निकाल बिघडतो आणि ऊन आपल्याकडं फुकट आहे. आणि तोच अर्क उकळून बाजूला कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, अजिबात लावू नका. लावलात तर कळेल की अॅनाटो (बियांचा केशरी-पिवळा रंग) घातलेल्या चीजचा पिवळेपणा चीजचा स्वतःचा होता.

एवढं सगळं नीट केलंत, तरी निराश होऊ नका. चाचणी फसायला अजून जागा आहेत. रोकफोर्ट हे फ्रेंच निळं चीज नियमानं मेंढीच्या कच्च्या दुधाचं, पण निळ्या बुरशीचं स्वतःचं फॉस्फेटेज असतं. म्हणजे पाश्चराइज्ड दुधाचं निळं चीजसुद्धा पिवळा रंग देऊ शकतं. खातरजमा करायची तर अर्क 63 अंशांवर 30 मिनिटं ठेवून पुन्हा तपासतात. दुधाचं एन्झाइम त्यात मरतं, बुरशीचं बहुधा टिकतं. उलट पार्मिजानो रेज्जानो या इटालियन कडक चीजचं दूध कच्चंच असतं, पण गोठलेलं दूध 55 अंशांच्या आसपास शिजतं आणि सुमारे 40 किलोच्या चाकाचा गाभा कित्येक तास गरम, आंबट राहतो. गाभ्यातला तुकडा काढलात तर खऱ्या चीजला खोटं ठरवाल. मोझरेला गरम पाण्यात ताणतात, तिथंही तेच. शेळीच्या दुधात हे एन्झाइम मुळातच कमी. आणि गाईच्या दुधासाठी युरोपात लिटरला या एन्झाइमच्या 350 मिलियुनिटांची जी मर्यादा आहे, ती चीजला लावून भांडायला तर फारच मजा येते.

सगळ्यात समाधानकारक चीज म्हणजे थर्माइज्ड. दूध 57 ते 68 अंशांपर्यंत 15 सेकंद तापवायचं, फॉस्फेटेज पुरतं मरू द्यायचं नाही, आणि चाचणीत ऐटीत 'कच्चं' ठरायचं. युरोपात 40 अंशांच्या वर गेलेल्या दुधाला कच्चं म्हणता येत नाही. पण तुमच्या परीक्षानळीला कायदा वाचता येत नाही. मायक्रोफिल्टर केलेलं दूधही असंच. मलई वेगळी तापवलेली, बाकीचं बारीक गाळणीतून जंतू काढलेलं, आणि रंग पिवळाधमक.

एखाद्या हॉटेलात 'कच्च्या दुधाचं पनीर' दिसलं तर ते मात्र बिनधास्त घ्या. पनीरचं दूध फाडण्याआधी 90 अंशांपर्यंत तापवतात, तिथं तपासायला काही उरतच नाही.

शेवटचं. पिवळा रंग आला तर तो शुद्धतेचा दाखला म्हणून फ्रेम करा. दूध पुरेसं तापलं नाही एवढंच तो सांगतो, आणि ज्या गाई-म्हशीचं ते होतं तिला ब्रुसेला (दुधातून माणसाला ताप देणारा जंतू) होता का, हे त्याला विचारायचं नसतं. अमेरिकेत असं चीज किमान 60 दिवस, 1.7 अंशांच्या खाली न नेता पिकवावं लागतं; आपल्या दुकानदाराला तारीख विचारणं अरसिकपणाचं. पुढं संध्याकाळी चढणारा ताप, घाम आणि सांधेदुखी सुरू झाली तर डॉक्टर आधी टायफॉइड बघतील, मग मलेरिया. चीजचा विषय तुम्ही काढल्याशिवाय ब्रुसेलाची तपासणी सुचायला वेळ लागेल, तेव्हा काढूच नका. निदान झालंच, तर साधारणपणे डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे. रिफॅम्पिसिननं लघवी केशरी होते. घाबरू नका, तो रंग कुठल्याही चाचणीचा नाही.