25 डिसेंबरला गुलमर्गला जाऊ नका

आज सकाळी आळीतल्या वहिनींच्या पडवीत मुलाचा स्कीचा गॉगल खुंटीला टांगलेला दिसला. काचेवरचा पातळ प्लास्टिकचा कागद अजून काढलेलाही नाही. चौथीतलं पोर. दोन महिने पोफळीच्या विरीवर बसून अंगणात घसरत होतं आणि "असं वळायचं, असं थांबायचं" म्हणून आजीला दाखवत होतं. गॉगल गेला तसाच परत आला. तो बघितल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

एजंटने त्यांना 25 ते 30 डिसेंबरचं पॅकेज दिलं. ख्रिसमसला पांढरंशुभ्र गुलमर्ग, असं सांगून. प्रत्यक्षात पिवळं गवत आणि सावलीत कुठेतरी ताटाएवढा बर्फ. गुलमर्गच्या खालच्या तंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट घालून पोराने घोड्याशेजारी फोटो काढला. 29 च्या रात्री बर्फ पडला आणि 30 ला सकाळी रस्ता बंद. विमान गेलं, मुंबईहून कोकणकन्येचं तिकीट फुकट गेलं, शेवटी चौघं बसने हायवेचे धक्के खात घरी. ज्या बर्फासाठी गेले तो निघायच्या दिवशी पडला. याला लोक नशीब म्हणतात. अहो, नशीब कसलं? तारीखच चुकीची होती.

काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, चिल्लई कलान, 21 डिसेंबरला सुरू होतात. जानेवारी संपता संपता ते सरतात, मग वीस दिवसांची चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांची चिल्लई बच्चा. म्हणजे 25 तारखेला त्या थंडीचा जेमतेम पाचवा दिवस असतो. आणि नुसती थंडी पडून बर्फ येत नाही. त्याला पश्चिमेकडून ओल घेऊन येणारी पश्चिमी विक्षोभाची झोड लागते. मृगाची पहिली सर आली म्हणून आपण लावणी करतो का? जमीन भिजावी लागते, चिखल व्हावा लागतो. तसंच आहे हे. पहिला बर्फ वितळतो, दुसरा टिकतो, त्यावर तिसरा बसतो, तेव्हा कुठे दगड, झुडपं, खड्डे झाकले जातात. त्याआधी स्की घातली की तळाला दगड लागतो आणि माणूस तोंडावर पडतो.

चांगले दिवस फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते साधारण 20 तारीख. तोवर थर बसलेला असतो, थंडी टिकून असते आणि दिवस मोठा व्हायला लागलेला असतो. मार्चमध्येही बर्फ असतो, पण दुपारच्या उन्हाने तो ओला, जड होतो. तेव्हा सकाळी लवकर उतरायचं आणि जेवणाआधी आवरायचं. बरं, फेब्रुवारीलाही हमी नाही, हे मान्य. 2024 चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि 2025 मध्ये खेलो इंडियाचे गुलमर्गचे हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. पण म्हणून डिसेंबर बरा ठरत नाही.

आता वार. शनिवार-रविवारी श्रीनगरची माणसंही वर येतात, गंडोलाची, म्हणजे तिथल्या केबल कारची, रांग वाढते, सुरुवातीच्या उतारावर स्लेजवाले, घोडेवाले आणि शिकणारे सगळे एकातच. म्हणून शनिवारी रात्री रत्नागिरीहून गाडी पकडा. रविवारी रात्रीची नको, त्या गाडीला चाकरमान्यांची गर्दी असते. रविवारी पहाटे मुंबईत पोचलात की विमान दहाच्या आधीचं घेऊ नका, कारण गाडी तासभर लेट होणं रोजचंच. आणि शक्यतो थेट श्रीनगरचं घ्या. दिल्लीत बदललात तर धुक्यात अडकता.

रविवारी रात्री श्रीनगरलाच झोपा. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे, हवेचा दाब आपल्याकडच्या जेमतेम पाऊण. आपण भरतीच्या रेषेपासून चार पावलांवर राहणारी माणसं, एका दिवसात तिथे जाऊन धावपळ केली की डोकं ठणकतं, जेवण जात नाही. सोमवारी सकाळी वर चढा, शनिवार-रविवारची गर्दी तोवर उतरलेली असते. तंगमर्गपासून वर शेवटचे 13 किलोमीटर बर्फात चेन लावलेली गाडी लागते, श्रीनगरची टॅक्सी बहुतेक तंगमर्गलाच सोडते. त्या बदलाला तासभर धरा. सोमवारी दुपारी फक्त बूट आणि स्की मापाने घ्या. बुटात बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि मोजा एकच, जाड. दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतो.

मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस स्की. यातला एक दिवस खराब हवेत जाणार हे धरूनच चला. नवशिक्याला तीन दिवसांच्या खाली काहीच पदरात पडत नाही. पहिला दिवस पडणं, उठणं आणि स्कीची टोकं जवळ आणून थांबणं यात जातो. दुसऱ्या दिवशी वळण. तिसऱ्या दिवशी कुठे लिफ्टने वर जाऊन एकट्याने खाली येता येतं. वहिनींच्या पॅकेजमध्ये स्कीला किती वेळ होता माहीत आहे? अर्धा दिवस. बर्फ असता तरी ते पोर काय शिकलं असतं?

बर्फ पडत असताना वाईट वाटून घेऊ नका. पडून गेल्यावर आकाश स्वच्छ होतं आणि पुढचे दोन-तीन दिवस सोन्यासारखे. मात्र पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी गंडोलाचा वरचा टप्पा, अफरवट शिखराकडचा, बंद असला तर तिकीटवाल्याशी भांडू नका. साठलेला बर्फ सुटून येण्याचा धोका असतो. 22 फेब्रुवारी 2024 ला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक परदेशी स्कीअर गेला. शिकणाऱ्याला वरचा टप्पा लागतही नाही. ज्यांना हवा त्यांनी तिकीट आधीच ऑनलाइन काढा, ते तारखेचं असतं, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवसांचं काढा, म्हणजे बंद पडलं तर पुढे दिवस हातात राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे एजंट कधीच सांगत नाही कारण त्यात त्याचं पॅकेज लांबतं. शनिवारी सकाळी खाली श्रीनगरला या आणि रविवार पूर्ण मोकळा ठेवा. काहीही बुक करू नका. सोमवारी विमान. शनिवारी रस्ता बंद झाला तर हा रविवार तुम्हाला वाचवतो. वहिनींकडे हा एक दिवस असता तर विमान, रेल्वे दोन्ही तिकिटं वाचली असती. एका रात्रीचं हॉटेल वाचवायला गेले आणि चार माणसांची विमानं पुन्हा काढावी लागली! विमान रद्दच झालं तर 2025 पासून श्रीनगर-कटरा वंदे भारत आहे, हे ध्यानात ठेवा. जम्मूचा रस्ता बर्फात बंद होतो, त्याच्या भरवशावर राहू नका. परतीची कोकण रेल्वे विमानाच्याच रात्रीची काढायची असेल तर मध्ये सहा तास तरी हवेत. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 6 फेब्रुवारीची गाडी हवी तर 8 डिसेंबरला सकाळी आठला बसायचं.

आणि आपलं पंचांगही बघा हो. आंगणेवाडीची जत्रा बहुतेक फेब्रुवारीतच येते, तारीख भराडी देवीच्या कौलावर ठरते, ती जाहीर झाली की त्या आठवड्यात कणकवली-कुडाळकडच्या गाड्या विसरा. शिमगा कधी मार्चच्या सुरुवातीला, कधी शेवटाला. पालखी घरी यायच्या दिवशी कोणी गुलमर्गला बसलेलं मला सांगू नका. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर यंदा राहू द्या. आंबा बागायतदारांना मोहोराच्या दिवसांत फवारणी सोडून हलता येत नाही, तेही खरं.

पण चौथीतल्या मुलाची शाळा? "सुट्टी ख्रिसमसलाच असते ना," असं वहिनी म्हणाल्या. असते. आणि म्हणूनच देशभरातली माणसं त्याच आठवड्यात तिथे येतात, हॉटेल आणि विमान त्याच आठवड्यात सगळ्यात महाग. चौथीतल्या मुलाचे सहा दिवस बुडाले तर बाईंना आधी चिठ्ठी द्या, परत आल्यावर वह्या पूर्ण करून घ्या. काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरंच. दोन महिने विरीवर सराव केलेलं पोर गवतात उभं राहून फोटो काढतं तेव्हा.

स्कीसाठी उत्तराखंडातल्या औलीचा विचार करणाऱ्यांसाठी दोन ओळी. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जानेवारी 2023 मध्ये जमीन खचल्यावर बंद झाला, तेव्हा तो पॅकेजमध्ये छापलेला दिसला तर आधी खात्री करून घ्या. ऋषिकेशहून जोशीमठ गाठायला दिवस जातो, म्हणून इकडून जाणाऱ्याने वर सांगितलेल्या हिशेबात आणखी दोन दिवस धरावेत.

जाता जाता, काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या, नाहीतर रस्ता बंद झाला की कोणाला कळवणार?

संध्याकाळी वहिनींकडे गेलो होतो. रागवायचं ठरवून गेलो, पण त्या स्वतःच इतक्या ओशाळलेल्या की बोलवेना. कॅलेंडर काढलं आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला दुसरा आठवडा पेन्सिलीने घेरला. पेन्सिलीने अशासाठी की जत्रेची तारीख अजून यायची आहे. पोर शेजारी उभं राहून बघत होतं, "काका, तेव्हा नक्की असेल ना?" म्हणालं. बहुतेक असेल, म्हटलं, आणि नसला तर थांबायला एक दिवस ठेवलाय.

कोणाला तारखा जुळवून हव्या असतील तर खाली लिहा. गाडी कुठून पकडणार तेही लिहा, चिपळूण, रत्नागिरी की कणकवली, म्हणजे विमानाची वेळ त्याप्रमाणे सांगता येईल.